खलास म्हणजे काय

बदरुन्निसाआपा सौदीतल्या ताइफच्या एका दवाखान्यात नर्स. मूळच्या रत्नागिरीकडच्या. मी क्षमा, साताऱ्याहून नुकतीच इथे नर्स म्हणून आलेली, त्यांच्याच खोलीत राहते. आपांची जीभ अशी तिखट, की डॉक्टरसुद्धा त्यांच्याशी जपून बोलतात.

इथे कोकणातल्या लोकांचं एक मंडळ आहे. सभासदाच्या घरात कुणी आजारी पडलं, कुणी वारलं, तर कफीलला, म्हणजे इथल्या मालकाला, गाठण्यापासून कबरीपर्यंत मंडळ धावतं. आपांचे यजमान झैदभाई गेले तेव्हाही धावलं. पण चाळिसावा उरकला आणि यादीतून झैदभाईंचं नाव कापलं, आपांचा मंडळाशी संबंध संपला, झालं! मंडळाच्या घटनेत सभासद म्हणजे पुरुषच. बिर्याणी आपांनी रांधायची, पट्ट्या आपांनी बांधायच्या, आणि सभासद कोण, तर तो सुफियान, जो सभेत घोरतो! माझं डोकंच फिरायचं.

आपा मात्र हसण्यावारी न्यायच्या. एकदाच, भाजी चिरताना म्हणाल्या, "मूलबाळ नाय, दीर विचारीत नाय. उद्या मला काय झालं तर माझ्या मयतीला कोण उभा ऱ्हाणार गो?" 

शेवटी अध्यक्ष हाशमभाईंनी नवी घटना लिहिली. तिच्यात बाईही सभासद. पण दोन तृतीयांश सभासदांनी हात वर केले तरच ती लागू. म्हणजे आपांचं काय ते पुरुषच ठरवणार, आणि आपांना मत नाहीच!

शुक्रवारी सभा भरली. आम्ही बायका पडद्याच्या अलीकडे. कलमं वाचून झाली, भांडणं झाली, "बायकांना इथे काय कमी आहे?" असंही कुणी म्हणालं. मग "हात वर करा," आणि सगळं चिडीचूप. हात वर झाल्याचा आवाज कुठून येणार, कपाळ! आपांनी माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळ रुतलं.

"खलास!" हाशमभाई ओरडले.

मला रडूच फुटलं. "संपवलं मेल्यांनी सगळं! जाऊ दे आपा, मी आहे ना."

आपा माझ्याकडे बघतच राहिल्या, मग खो खो हसल्या. "अगो येडे, रडतंस कशाला? इथं अरबीत खलास म्हणजे झालं. पक्कं! मंजूर!"

पलीकडे टाळ्या वाजत होत्या. हाशमभाई पडद्याशी येऊन म्हणाले, "बदरूभाभी, तुमचं नाव घालतोय हां सभासदांत." तेव्हा कुठे आपा ओढणीत तोंड घालून रडल्या. मला तर इतकं हायसं वाटलं की दोन प्लेट बिर्याणी खाल्ली.

परतताना टॅक्सीत त्या ऐसपैस बसल्या. म्हणाल्या, "आता मी खलास झाले तरी फिकीर नाय गो."

"तोंड सांभाळा आपा," मी खेकसले. "त्या खलासला माझा हात वर व्हायचा नाही."