विहिरीवरून गेलेलं वळण

साठच्या दशकात मी बोईसरला एका ठेकेदाराकडे गणक म्हणून काम करत होतो. स्टेशनकडून किनाऱ्याच्या बाजूला नवा रस्ता आखायचा होता. मोजणीवाले रानातून कोन आणि अंतरं मोजून आणत आणि त्यावरून रस्त्याची प्रत्येक खुंटी कुठे ठोकायची, हे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसून काढत असू.

पावकी-दिडकी पाठ केलेल्या मला त्या शेडमध्ये पहिल्यांदा हिशेबाचं मशीन मिळालं. खाचांतल्या खुंट्या सरकवून आकडा लावायचा आणि उजवीकडचा दांडा फिरवायचा. दांडा पुढे फिरवला की बेरीज होई, मागे फिरवला की वजाबाकी. गुणाकार म्हणजे फेऱ्यांवर फेरे. वजाबाकी शून्याच्या खाली गेली की बारीक घंटी वाजे. त्याआधी लॉगच्या कोष्टकांत डोळे घालून जे काम करायला सकाळ जायची, ते आता चहाच्या आत व्हायचं. मला त्या मशीनचा अभिमान होता, हे सांगायला हरकत नाही.

कामाचा एक नियम होता. प्रत्येक वळणाचं गणित दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांच्या कागदाकडे बघायचं नाही. उत्तरं जुळली तर साहेब सही करत. नाही जुळली तर दोघांनीही पहिल्यापासून सुरुवात करायची. माझा जोडीदार वैतरण्याहून गाडीने येई. उत्तर जुळलं की चहा माझ्याकडून, असा त्यानेच नियम करून टाकला होता.

आम्ही देशावरची माणसं. बायको-मुलांसह ज्यांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, त्या बाईंना सगळा गाव काकी म्हणे. घरामागे त्यांची पानवेलींची आणि केळींची वाडी होती आणि वाडीत रहाटाची विहीर. उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी मचूळ होत, हिचं पाणी मात्र गोडच राही. वाडी त्या पाण्यावर उभी होती, आणि काकी वाडीवर.

मोजणीवाले वाडीत साखळी ओढून गेले, त्यानंतर काकी एकदा शेडवर आल्या. मी दांडा फिरवत होतो. थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या,

"एवढा गरागरा फिरवता, निघतं काय त्यातून? आमचा रहाट फिरला तर पानी तरी येतं."

जोडीदार हसला. "काकी, यातून रस्ता निघतो."

"मंग माज्या वाडीतून नको काढू. भाऊ, वाडी आली की उलटा फिरवा."

मी दांडा उलटा फिरवून दाखवला. घंटी वाजली. काकी म्हणाल्या, "बगा, मशीन पन व्हय म्हनतं."

आम्ही सगळेच हसलो. वाडीजवळच्या वळणाचं गणित तोवर झालं नव्हतं.

ते पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आलं. उत्तर नकाशावर मांडलं, तर रस्त्याची मध्यरेषा विहिरीच्या काठावरूनच जात होती. मी पुन्हा केलं. मग कोष्टकातले आकडे नव्याने उतरवून घेऊन पुन्हा केलं. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची चूक सापडावी असं मला वाटत होतं. ती सापडेना, तेव्हा जोडीदाराची तरी निघावी, म्हणून मी त्याचा दांडा थांबायची वाट बघत बसलो.

"जुळलं!" तो ओरडला. "काढा चहा." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने नकाशा पुढे ओढला आणि विहिरीच्या खुणेवर बोट ठेवलं.

मी साहेबांकडे गेलो. वळण थोडं आत घेता येईल का, असं विचारलं. साहेब तरुण होते, पण उर्मट नव्हते. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. एका टोकाला रेल्वेचं फाटक, दुसऱ्या टोकाला नाल्यावरचा पूल, दोन्ही जागा पक्क्या झालेल्या. वळण त्याहून आवळलं तर अवजड यंत्रं आणणारे ट्रेलर वळणार नाहीत. मला यात एकही चूक काढता आली नाही.

"तरी सगळी वळणं मुंबईला कॉम्प्युटरवर तपासून घेणार आहोत," ते म्हणाले.

कॉम्प्युटर आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. एक अख्खी खोली भरते आणि भोकं पाडलेली कार्डं घालावी लागतात, एवढंच ऐकून होतो. मी घरी येऊन काकींना विहिरीचं खरं ते सांगितलं आणि मोठ्या मशीनवर तपासणी होणार आहे, हेही सांगितलं. मशीन बदललं म्हणून उत्तर बदलत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. फार तर शेवटच्या दशांशात फरक पडला असता, म्हणजे केसाएवढा. पण त्यांच्यासमोर उभं राहून मला ते बोलता आलं नाही.

मग काकी रोज विचारू लागल्या, "मोठ्या मशीनचा निरोप आला का?"

आला. कडांना भोकं असलेला, घडीघडीचा लांब कागद. आमचेच आकडे होते, पुढे आणखी काही दशांश.

"तेच आलं, काकी."

त्या केळीची वाळलेली पानं काढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हंजे दोन मानसं नि एक मशीन, तिघांनी मिळून तेच सांगितलं. तुमी एकट्यानं सांगितलं तवाच मी मानलं असतं, भाऊ."

ठेकेदाराने वाडीच्या दुसऱ्या टोकाला विहीर खणून दिली. तिचं पाणी मचूळ लागलं. पानवेली त्या पाण्यावर टिकणार नाहीत, हे काकींनी पहिल्या ओंजळीतच ओळखलं. मी आणखी खाली खणून बघू म्हणालो. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

जुनी विहीर बुजवायला मुरुमाचे ट्रक आले, तेव्हा आम्ही दोघं कडेला उभे होतो. मुरुम पडत गेला तसं पाणी वर चढत आलं, काठावरून सांडून केळींच्या आळ्यांत शिरलं.

"झऱ्याचं पानी हाय," काकी म्हणाल्या. "उद्या हे कुटं जाईल, भाऊ?"