आवाज तेवढा राहू द्या

प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला गिऱ्हाईक दोनच तऱ्हेचं भेटतं. एक, ज्याला जुनं टाकवत नाही. दुसरं, ज्याला नवीन घ्यायचंच असतं, पण घरी सांगायला मिस्त्रीचा शब्द हवा असतो. नागसेन या दोन्हीत बसत नव्हता. त्याने माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं दुसऱ्या कुणी खाल्लं नाही.

मी वाजिद. नांदेडला वजिराबादेत माझं दुकान आहे, शाई भरून देण्याचं आणि प्रिंटर दुरुस्तीचं. तेव्हा शहरात कोचिंगची लाट आली होती. लातूरसारखा निकाल आम्हीही लावून दाखवतो म्हणत श्रीनगर, भाग्यनगरात गल्लोगल्ली क्लास निघाले. धर्माबाद, किनवट, पार इस्लापूरहून पोरं यायची, खोल्या करून राहायची आणि दर रविवारी परीक्षा द्यायची. त्या परीक्षांचे पेपर नागसेन घरी बसून टाइप करायचा.

बाजारातल्या दुकानावर सरांचा भरवसा नसे. पेपर फुटला की क्लासची अब्रू गेली. नागसेनकडे मात्र रीत ठरलेली होती. सरांनी समोर बसायचं, एक स्वच्छ प्रत निघाली की ती पिशवीत घालून न्यायची आणि पुढच्या प्रती आपल्या क्लासात काढायच्या. खराब निघालेलं पान फाडायचं नाही, टोपलीत टाकायचं नाही, सरांच्या डोळ्यांदेखत अंगणातल्या पाणी तापवायच्या बंबात घालायचं. प्रिंटर म्हातारा झाला तशी खराब पानं वाढली. तुमच्याकडं आंघोळीचं पाणी फिजिक्सवर तापतं, असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा नाही.

हसायला त्याला फुरसत कुठे होती? अंगाने बारीक, आणि पायांना जरा म्हणून थारा नाही. खुर्चीत बसला की गुडघा हलत राहायचा. चहा उभ्याने प्यायचा. माझ्या दुकानात शाई घ्यायला आला की आधी घरी फोन करायचा, 'माय काय करती?' आणि उत्तर धड ऐकायच्या आत गाडीला किक मारायचा. याच्या मागे कोण लागलंय, असं मला वाटायचं.

त्याची आई नागुबाई औशाच्या पलीकडच्या एका गावची. भूकंपात घर गेलं, नवरा ग्यानोबा गेला, लहान मुलगी गेली. नागसेन तेव्हा शिकायला मामाकडे होता म्हणून वाचला. पुढे नव्या गावठाणात सरकारने सिमेंटचं घर बांधून दिलं, पण बाई त्यात एक रात्रही झोपली नाही. घरासमोर पत्र्याचं शेड ठोकून घेतलं आणि वर्षानुवर्षं त्यातच राहिली. सिमेंटच्या घरात सरपण आणि कोंबड्या. एकदा ती शेडमध्ये पडली, पाय मोडला, आणि शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा नागसेन जाऊन तिला नांदेडला घेऊन आला. ती आली, पण अट घालून. 'जिथं जमीन वाजती तिथं मी राहणार न्हाई. वाजली की मला गावाकडं सोडायचं.'

आणि नेमकी त्याच सुमाराला नांदेडची जमीन वाजायला लागली.

आमच्या शहरातल्या काही वस्त्यांनी तो काळ भोगलाय. जमिनीखालून धाड करून आवाज यायचा, मांडणीवरची भांडी किणकिणायची, लोक पोरं काखेत मारून रस्त्यावर यायचे. मोठं काही झालं नाही, पण झोप उडाली. नागसेनचं घर त्याच पट्ट्यात. पहिला आवाज झाला तेव्हा नागुबाई हातातलं सूप ठेवून ताठ बसली. 'काय वाजलं रं?' नागसेनची पाचावर धारण बसली. समोर प्रिंटर होता. तो म्हणाला, 'प्रिंटर हाय, माय. जुना झालाय, आपटतो.'

ही थाप पुरती थाप नव्हती. प्रिंटर खरंच आपटायचा. शाईचा डबा ज्या रुळावर सरकतो त्याच्या मागे एक पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर शाईचे डाग बसले की डब्याला आपण कुठवर आलो ते कळत नाही आणि तो जाऊन धाडकन भिंतीला धडकतो. ओल्या फडक्याने पट्टी पुसली की झालं. म्हणून मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा झाकण उघडून फडकं हातात घेतलं, तोच नागसेनने माझं मनगट धरलं.

'वाजिदभाई, छपाई नीट करा. आवाज तेवढा राहू द्या.'

मला वाटलं याचं डोकं फिरलंय. तो मला अंगणात घेऊन गेला आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, 'ती गावाकडं गेली तर पुन्हा त्या पत्र्यात एकटी राहील, भाई. पुन्हा पडली तर मी कुठून पोचू?'

खोटं बोलणाऱ्यांचा मला राग आहे. त्याचाही आला. पण माझीही आई होती, त्यामुळे राग टिकला नाही. मी आत गेलो, शाई जिथून पानावर उतरते ते शाईचं तोंड साफ केलं आणि पट्टी तशीच मळकी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी बिघाड जपून दुरुस्ती केली.

त्यानंतर नागसेनची जी धावपळ सुरू झाली ती बघवत नव्हती. जमीन वाजली रे वाजली की हा असेल तिथून पळत यायचा आणि प्रिंटरचं बटण दाबायचा. डबा दोनदा आपटायचा, आणि हा ओरडायचा, 'प्रिंटर हाय, माय!' न्हाणीघरातून साबणाच्या अंगाने पळत आलाय. जेवता जेवता खरकट्या हाताने बटण दाबलंय. लोडशेडिंगच्या वेळेला तर त्याचा जीव टांगणीला लागायचा, कारण लाईट नसताना प्रिंटर आपटणार कसा? तेवढा वेळ तो अंगणात येरझाऱ्या घालायचा. रात्रीची झोप नाही, दिवसा बाहेर पडणं नाही. नागुबाई खाटेवर बसून त्याची ही पळापळ बघत राहायची आणि 'हाव' एवढंच म्हणायची.

घोडं अडलं ते भीमाशंकर सरांपाशी. हे सर गणिताचे. नागसेनचं निम्मं काम त्यांचंच. प्रिंटरची शाई आता पानावर आडव्या पांढऱ्या रेघा सोडत होती, आणि गणितात उणेचं चिन्ह म्हणजेही एक आडवी रेघच; पांढरी रेघ तिच्यावर आली की चिन्ह गायब. एका पेपरात कुठली कुठली उणे चिन्हं उडाली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरांनी छापलं होतं ते सोडवलं, उत्तरपत्रिकेशी एकाचंही जुळेना, आणि क्लासमध्ये जो गोंधळ उडाला तो पालकांपर्यंत गेला. सर तावातावाने नागसेनच्या घरी आले. 'नवीन घ्या नाहीतर मला दुसरा माणूस बघू द्या. पुढच्या रविवारी मला स्वच्छ पान पाहिजे.'

धम्मप्रिया वहिनी, म्हणजे नागसेनची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी मला घरी बोलावलं आणि त्याच्यासमोरच विचारलं, 'भाई, खरं सांगा. हा दुरुस्त होतो का?'

मी खरं सांगितलं. शाईचं तोंड कायमचं गेलंय, नवीन बसवायचं तर नव्या प्रिंटरच्या जवळपास जातं, आणि या मॉडेलचं ते मिळतही नाही. बदला.

नागसेन खिडकीकडे गेला, परत आला. 'नवीन असा आपटतो का?'

'अहो, नवीन कशाला आपटंल?'

'मग असाच जुना दुसरा कुठं मिळंल?'

वहिनींचा संयम सुटला. 'अहो, काम जाऊन राहिलंय आपलं! आईंना खरं सांगून टाका ना एकदा.'

'आन् ती निघाली तर?'

मी कपाळावर हात मारून घेतला, आणि दुकानात येऊन काय केलं असेल? लोकांना नवीन घ्या म्हणून सांगणारा मी, भंगाराच्या ढिगात बसून आपटणारा प्रिंटर शोधत होतो! तो काही सापडला नाही, पण त्याच मॉडेलचा एक मेलेला सांगाडा निघाला. त्याचं शाईचं तोंड जरा बरं होतं. म्हटलं, शेवटचा प्रयत्न करू. पान स्वच्छ निघेल आणि आवाजही राहील.

दुपारी गेलो. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरून प्रिंटर खोलला. रूळ एकीकडे, पट्टा एकीकडे, डबा माझ्या मांडीवर. नागुबाई उंबऱ्याजवळ तूर निवडत होती. नागसेन माझ्या डोक्याशी उभा, 'झालं का, भाई? किती वेळ?' मी म्हटलं, 'बसा जरा, तुमच्या पायांनी मला चक्कर यायलीय.' तो बसला नाही. तेवढ्यात लाईट गेली. पंखा मंदावत थांबला आणि गल्ली एकदम शांत झाली.

आणि जमीन वाजली.

मोठा आवाज होता. फरशीतून माझ्या मांडीला हिसका बसला, सुपातली तूर एका कडेला सरकली. बाहेर बायका ओरडल्या. आणि नागसेन सवयीप्रमाणे धावला, टेबलापाशी गेला, जिथे प्रिंटर नव्हताच तिथे हात दाबला आणि ओरडला, 'प्रिंटर हाय, माय! प्रिंटर हाय!'

प्रिंटर माझ्यासमोर तुकड्यातुकड्यांत पडला होता. नागसेनने ते बघितलं. मी मान खाली घातली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण मांडीवर डबा होता. वहिनी आतून येऊन दारातच थांबल्या.

नागुबाईने सूप बाजूला ठेवलं. 'नागसेन, बस खाली.'

'माय, ते...'

'बस म्हन्ते ना. जमीन आधी पायाला कळती, मंग कानाला. तुजं मशीन निस्तं कानाला कळतंय. मला पहिल्याच दिशी कळलं व्हतं.'

नागसेन उभाच होता. त्याचा चेहरा मला बघवेना. 'मग बोलली का न्हाई? गावाकडं जाते म्हणली व्हतीस.'

'म्हणले व्हते. गठुडं बी बांधलं व्हतं.' तिने पदराने तोंड पुसलं. 'त्या पहाटं मी भाईर व्हते रं. म्हशीला वैरण टाकून राहिले व्हते. तुजा बाप आत, लेक आत. माज्या डोळ्यासमोर भिंत बसली. समदे म्हणले, नागुबाई नशिबाची, वाचली. कुनाला सांगू, मला कदी तसं वाटलं न्हाई. पत्र्यात राहून राहून रोज त्योच इचार. मंग हितं जमीन वाजली. म्हणलं निघावं. गठुडं उचललं आन् बघितलं, तू आत, सून आत. तुमी काय घर सोडून यायचे न्हाईत.' ती थांबली. 'मंग मी भाईर जाऊन काय करू? पुन्यांदा एकलीच वाचू?'

रस्त्यावर आलेली माणसं एकमेकांना काय झालं, किती मोठा होता ते विचारत होती. नागसेन आईच्या शेजारी फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. वहिनी पण रडल्या. मी रडलो नाही असं म्हणालो तर ती थाप होईल. नागुबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, 'तू पळायचा ते बघून वाटायचं, बोलावं. मंग वाटायचं, पळू दे, ह्येला वाटतंय ह्यो मला राखून राहिलाय.'

मी तुकडे गोळा करून पिशवीत भरले. भीमाशंकर सरांच्या रविवारच्या आत नवा प्रिंटर आला, पान लख्ख, आवाज नावाला नाही. जमीन मात्र त्यानंतरही बरेच महिने वाजत राहिली. ती वाजली की गल्ली बाहेर पळायची. या घरात नागसेन आणि वहिनी आधी नागुबाईच्या खाटेपाशी यायची, तिचे हात धरायची, आणि मग तिघं मिळून बाहेर यायची.