आत्याने आणलेले पाणी

काका शेवटच्या आजारात कोन गावच्या घरी अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचे मागणे एकच होते: बहिणीला आणा. ही माझी आत्या उरणकडे दिलेली. तिची मुलगी काकांनी आपल्या मुलासाठी मागितली होती; आत्याने ती दुसरीकडे दिली, म्हणून काका त्या लग्नाला गेले नाहीत. आमच्याकडे बोहल्यावर नवरीच्या पाठीशी मामाने उभे राहायचे असते. त्या दिवशी तिथे नात्यातला कुणी लांबचा भाऊ उभा राहिला. तेव्हा आत्या म्हणाली, ‘त्या घरचं पानी पिनार नाय.’ तो शब्द तिने वर्षानुवर्षे पाळला.

मी रिक्षाने आत्याला घेऊन आलो. तिच्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. दाराशी तिने पायांवर मात्र आमचेच पाणी घेतले. पायांवर घेतलेले पाणी शब्दात मोजायचे की नाही, हा प्रश्न मला पडला. विचारण्याची वेळ नव्हती.

खाटेजवळ बसून ती म्हणाली, “किती वाळलास रं.”

“तू कुठं जाडी हायस?” काका म्हणाले.

काकांच्या सुनेने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे केला. काकांनी मान हलवून बहिणीच्या बाटलीकडे बोट दाखवले. “तुझ्या घरचं दे.”

आत्याने बाटली उघडली. मग चमच्याने थोडे थोडे पाणी त्यांच्या तोंडात सोडू लागली. मला वाटले होते, शब्द मोडायचा तर तिनेच मोडायला हवा. काकांनी उलट्या बाजूने सुरुवात केली होती.

“पोरीच्या पाठी उभा रायलो नाय. चुकला माझा.”

“आता उभा रा म्हनून सांगू काय? बसता पन येत नाय तुला.”

काका हसले, हसता हसता त्यांना खोकला आला. आत्याने त्यांची छाती चोळली. खोकला थांबल्यावर उरलेले पाणी तिने खिडकीतून तुळशीत ओतले आणि बाटली सुनेकडे दिली.

“भरून आन. वाट लांब हाय.”

आम्हाला वाटले, ती बाटली पिशवीत ठेवेल. तिने काकांसमोरच झाकण काढले, एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

“तुमचं पानी अजून मचूळच हाय.”

“मग पितेस कशाला?” काकांनी डोळे मिटूनच विचारले.

तिने पुन्हा बाटली तोंडाला लावली.