चेहरा दाखवणारा फोन

लेकीने पाठवलेला नवा टचस्क्रीनचा फोन इस्त्रीवाल्या काकांच्या दुकानात बरेच दिवस खोक्यातच पडून होता. काकांनी तो उघडला नाही आणि परतही पाठवला नाही. बायको गेल्यापासून त्यांचं सगळं असंच चाललं होतं. भूक लागायची नाही, पण वेळ झाली की जेवायचे. गिऱ्हाइकाने विनोद केला की हसायचे. कपडे मात्र पूर्वीसारखेच कडक व्हायचे, त्यामुळे कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

शेवटी शेजारच्या घड्याळजीनेच खोकं फोडलं. हा माणूस लोकांची घड्याळं महिना महिना अडकवून ठेवील, पण दुसऱ्याच्या कामाला नेहमी वेळेवर हजर!

“काका, आधी गुण बघा,” तो म्हणाला. “अक्षरं केवढी ठसठशीत! अंधारात बॅटरी होते. फोटो निघतात. पाऊस येणार की नाही तेसुद्धा सांगतो.”

“ते दारातून दिसतं मला.”

“बरं, मग अवगुण ऐका. रोज चार्जिंगला लावा. हातातून निसटला की काच गेलीच म्हणून समजा. आणि खिशात काही मावत नाही. नाकापेक्षा मोती जड!”

काकांनी शर्टाची बाही पालथी घातली, तिच्यावरून इस्त्री फिरवली आणि मग काचेवर बोट टेकवून पाहिलं. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवलं. उभा जन्म इस्त्रीशी खेळून त्यांच्या बोटांची कातडी निबर झाली होती.

“याला माझं बोट कळतच नाही.”

“तुम्ही आहात की नाही, अशी शंका आली असेल त्याला,” घड्याळजी खिदळला. मग जुन्या फोनमधलं सिमकार्ड काढून नव्यात घालता घालता म्हणाला, “पण सगळ्यात मोठा गुण राहिलाच की! यात तुम्हाला लेकीचा चेहरा दिसेल. आणि तिला तुमचा.”

काकांनी इस्त्री उभी केली. त्यांच्या लेखी फोनचा खरा अवगुण हाच होता, पण तो घड्याळजीला सांगण्यासारखा नव्हता.

बायको गेली त्या दिवशी लेक ओक्साबोक्शी रडत होती आणि काका गिऱ्हाइकांना फोन करून सांगत होते, कपडे जरा उशिरा मिळतील. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?” ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने साधं विचारलं होतं. काकांनी प्रामाणिकपणे मनात शोधलं, तर तिथे खरंच काही सापडेना. याची त्यांना भीती वाटली, आणि ती अजून गेली नव्हती.

जुन्या फोनवर निभावून जायचं. आईचा विषय निघाला की काका आवाज खाली आणायचे, मध्येच उसासा सोडायचे. पलीकडून लेक नाक ओढायची, आणि बापाला दुःख आहे एवढं तरी तिला कळलं, म्हणून काका सुटकेचा श्वास टाकायचे. आवाजाचं सोंग जमत होतं, चेहऱ्याचं जमत नव्हतं. आरशासमोर त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला, तर दाढ दुखल्यासारखं दिसलं.

घड्याळजीने जाण्यापूर्वी फोन चार्जिंगला लावला आणि नुसतं बोलायचं असेल तर काय दाबायचं, तेही दाखवलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तो चांगलाच तापला होता. आता काकांचा हात तापलेल्या वस्तूला कोरडा कधी लागत नाही. इस्त्री किती तापली हे बघायला आधी बोट पाण्यात बुडवायचं आणि मग टेकवायचं, ही जन्माची सवय. तसंच त्यांनी पाण्याच्या वाटीत बोट बुडवलं आणि काचेवर ठेवलं. कोरडं बोट न ओळखणाऱ्या फोनने ओलं बोट लगेच ओळखलं. लेकीचा आवाज आला. काचेवरचा थेंब पुसायला काकांनी ओला अंगठा फिरवला, तर कॅमेऱ्याचं चित्र दाबलं गेलं आणि त्यांचाच चेहरा समोर उभा राहिला.

“अय्या, बाबा! दिसताय तुम्ही!”

मग ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काकांना दाढदुखीचा चेहरा आणायलाही सवड मिळाली नाही. कोरं तोंड घेऊन ते तसेच उभे राहिले. संपलं, त्यांना वाटलं, आता हिला कळलं.

थोड्या वेळाने तिनेही आपला कॅमेरा सुरू केला. केस नीट बांधलेले, डोळे कोरडे. चेहऱ्यावर काही नाही. हा चेहरा काकांनी आरशात रोज पाहिला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “मला कित्येक महिन्यांत रडू आलेलं नाही. फोनवर नाक ओढायचे ना, ते उगीच.”

“उगीच कशाला ओढायचीस?”

“आईला विसरले, असं तुम्हाला वाटू नये म्हणून.”

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोर वाळली होती. हे आवाजात कधी आलं नव्हतं.

“माझे उसासेही खोटेच होते, बाळा.”

ती हसली नाही, रडलीही नाही. नुसती मान हलवली.

“ठेवू का फोन?” काकांनी विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “बसा ना जरा असेच.”

काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि स्टूल पुढे ओढलं.