हिरोचा हँडिकॅप

आमच्या गावाशेजारी, मावल्याजवळच्या पडीक माळावर गोल्फ होणार, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी नुसती मान हलवली असती. तेव्हा मी बहुतेक गोष्टींना मान हलवूनच उत्तर द्यायचे.

आमचं तेलुगू राज्य नवं होतं आणि सीमेवरच्या आमच्या जिल्ह्याचेही नुकतेच चार भाग झाले होते. सिकलसेल या रक्ताच्या, घराण्यात उतरणाऱ्या आजारावरच्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून एक तेलुगू हिरो दरवर्षी हैदराबादला गोल्फची स्पर्धा भरवायचा. त्या वर्षी संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी हट्ट धरला की ज्यांच्या आजारासाठी खेळता, त्यांच्या दारात एकदा खेळा. म्हणून माळावरचं गवत कापलं, खड्डे खणले, झेंड्या रोवल्या. आमच्या शेजारचे भाजीवाले काका ते बघून आले आणि म्हणाले, "जिल्ह्याचे चार तुकडे झाले, अन् खड्डे तेवढे आपल्या वाट्याले आले!"

इंग्रजी, तेलुगू आणि मराठी येणारी मुलगी माइकवर हवी म्हणून कॉलेजातून माझं नाव गेलं. नाही म्हणायलाही बोलावं लागतं, ते मला जमलं नाही. इंग्रजी माझं शाळेचं, तेलुगू शाळेचं आणि बाजाराचं. मराठी मात्र स्वयंपाकघर आणि अंगण यांच्यापुढे कधी गेलीच नव्हती.

आमच्या घरातही सिकलसेल होता. धाकट्या बहिणीला. सांधे दुखायला लागले की ती उशीचं टोक दातांत धरून पडून राहायची. शेजारी विचारत, तेव्हा आम्ही "वात हाय" म्हणायचो. स्पर्धेच्या दिवशी खेळ संपल्यावर मंडपाच्या कडेला रक्ताचे नमुने घेणार होते, हे आईला कळलं होतं. निघताना तिनं मला दारातच अडवलं.

"तिले घेऊन जाऊन राह्यली त जा. मी बी मागून येतो. पन तिच्या बिमारीचं एक अक्षर त्या भोंग्यातून निगालं नाई पायजे. उद्या कोन करन तिले?"

मी मान हलवली. धाकटी चपला घालत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मंडप भरला होता. हिरो गाडीतून उतरला तेव्हा शिट्ट्या पडल्या. त्याच्यासोबत खेळायला एक निवृत्त लष्करी अधिकारी होते, ताठ आणि अबोल. आयोजकांनी इंग्रजीत सांगितलं की हिरोचा हँडिकॅप मोठा आहे. मी तेच मराठीत म्हटलं, कारण दुसरा शब्दच माझ्याकडे नव्हता.

मंडपात कुजबुज झाली.

"काऊन, त्याले काय झालं? धडधाकट त दिसून राह्यला."

"पाय खोटा असन. सिनेमात कोठं दिसते."

"सर्टिफिकेट काढलं असन रे. बसमदी सूट भेटते!" हे भाजीवाले काका.

मी घाईघाईनं म्हटलं, "तसं नाही. जो कच्चा खेळतो त्याला ठोक्यांत सूट देतात. म्हणजे... म्हणजे हिरो कच्चा निंबू आहे."

सगळा मंडप हसायला लागला. मी धाकटीकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

आमच्या गल्लीतली कच्चा निंबू तीच होती. लंगडीत ती कधी बाद व्हायची नाही, कारण तिला कुणी धरायचंच नाही. पायांचं काहीच काम नसलेल्या सागरगोट्यांतसुद्धा सवयीनं तिला कच्चा निंबूच ठेवायचे. एक दिवस ती उठून आली. "आऊट होत नाई, मंग खेळून काय?" म्हणाली आणि पुन्हा गेलीच नाही.

माळाच्या पलीकडे वेचणीला आलेला कापूस होता. हिरोचा चेंडू उडाला तो थेट त्यात. पांढऱ्या बोंडांत पांढरा चेंडू, तो काय सापडणार! मंडप ओरडायला लागला, "कच्चा निंबू! कच्चा निंबू!"

हिरोनं मला इंग्रजीत विचारलं, "हे काय म्हणताहेत?" मी खाली बघत सांगितलं की खेळात एक लहान मूल असतं, त्याला सगळे सांभाळून घेतात, ते कधी बाद होत नाही आणि जिंकतही नाही. तो मनापासून हसला आणि त्यानं मला एक उत्तर सांगायला दिलं. मी ते माइकवर मराठीत म्हटलं, "हिरो म्हणतात, आमच्या खेळात कच्च्या निंबूलाही मोजतात. आणि कधीकधी तोच जिंकतो."

त्या दिवशी तसंच झालं. या खेळात कमी ठोके मारणारा जिंकतो. सूट मिळालेले ठोके वजा करून हिरो एका ठोक्यानं जिंकला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि पहिल्यांदाच हसले.

मग डॉक्टरबाई टेबलापाशी बसल्या. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी यावं, असं मी तिन्ही भाषांत सांगितलं. कुणी उठलं नाही. माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती. आईही.

धाकटी उठली. आईनं तिचं मनगट धरलं, पण ती ओढून न घेता तशीच उभी राहिली. आईनंच ते हळूहळू सोडलं.

टेबलापाशी येऊन धाकटीनं मला विचारलं, "ताई, इचार त्यायले. माझं रक्त चालन काय? बिमारीचं हाय ते."

मी विचारलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि जे म्हणाल्या ते मी तिला सांगितलं. "त्या म्हणतात, माझं असून उपयोग नाही. मला तुझंच पाहिजे, त्याच्यासाठीच आले."

धाकटीनं बाही वर केली. सुई टोचतानाच मागून आवाज आला, "माझं बी घ्या. पोरीले एकलीलेच काऊन टोचून राह्यले?" आई होती. तिच्या मागे काकांनी आपल्या सुनेला पुढे केलं, सुनेच्या मागे आणखी कुणी कुणी. इतकी वर्षं त्यांच्या घरातही "वात"च होता.

त्या संशोधनातून तिला काय मिळेल, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही आणि खोटी आशाही दाखवली नाही. वेळ लागतो, एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी गल्लीतल्या पोरी ओट्यावर सागरगोटे खेळत होत्या. धाकटी जाऊन बसली. "मले पक्की धरा," म्हणाली. पहिल्याच डावात तिच्या हातून गोटा सुटला आणि ती बाद झाली. "मी आऊट झालीच नाई" म्हणून ती इतक्या मोठ्यानं भांडली की आई पोळपाट सोडून दारात आली. मी आईला थांबवलं.

"भांडू दे," मी म्हटलं.