झाकण लावणारी बाई

आमच्या लोणावळ्याच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी बाई उघडं काही बघूच शकत नाही. माझ्या बाटलीचं, पेनाचं, डब्याचं झाकण ती येता-जाता लावून टाकते. काम तिचं तसलंच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेमरीच्या कोणत्या पानावर लिहू द्यायचं ते ती ठरवते. बदल करण्यापुरती परवानगी द्यायची आणि लगेच काढून घ्यायची.

“लिव्हून झालं की लावून टाकायचं,” ती म्हणते. माहेर जवळच्याच उर्से गावचं. रंगात आली की तिकडचंच बोलते.

गेले काही दिवस मात्र ती एका चुकीमागे लागली होती. लिहायची परवानगी काढून घेतली तरी खुद्द कर्नल ती बंदी जुमानत नव्हता. परवा तिनं दुरुस्ती केली, एक पान बंद केलं आणि मुद्दाम त्यावरच लिहायला गेली. मशीन जागच्या जागी बंद पडलं. स्क्रीनभर एररच्या ओळी. मला वाटलं, सगळं बिघडलं.

ही उठून टाळ्या पिटायला लागली.

“आडवलं! मलाबी आडवलं, भाऊ! आता कुणाची टाप हाय?”

मग तिनं चिक्कीचा डबा आणला. इथल्या दमट हवेत चिक्की लगेच मऊ पडते. तरी संध्याकाळपर्यंत तिनं त्याचं झाकण लावलं नाही.