मये तळ्याकाठचा बारीक सूर

मये तळ्याजवळ सकाळच्या बसची वाट पाहताना मला एक गृहस्थ रोज दिसत. मांडीवर टॅबलेट, त्यात सूर वाजवायचं अ‍ॅप. काचेवर ठेवलेलं बोट ते बराच वेळ उचलत नसत, आणि ताल नाही, चाल नाही असा लांबलचक सूर पाण्यावर पसरत राही. खाणीवर मशीन चालवण्यात उमर गेली, आता हाच नाद, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

त्या दिवशी ते काचेवर बोट पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते. आवाज पूर्ण वाढवून ते माझ्याकडे वळले.

"बाय, ह्यात एक बारीक सूर आसा. तुका ऐकाक येता?"

सूर कानाला टोचेल इतका स्वच्छ वाजत होता. त्यांचे घाबरलेले डोळे पाहून 'नाही' म्हणावंसं वाटलं. मग बिघाड टॅबलेटचा ठरला असता. पण खोटं बोलवेना.

"येता, काका."

"कालपर्यंत माका ऐकाक येय होतो," ते हळूच म्हणाले.

बस आली. खिडकीतून पाहिलं, तर त्यांनी टॅबलेट कानाला घट्ट लावला होता आणि मान नकारार्थी हलत होती. मला तो सूर बसमध्येही ऐकू येत होता.

तेव्हापासून सकाळी जाग आली की मी डोळे मिटूनच पडून राहते आणि आधी पंख्याची घरघर कानावर येते का, ते पाहते.